बोर्ली पंचतनची वाट आणि हृदयाचा हिशेब

रायगडच्या किनारपट्टीवर बोर्ली नावाची दोन गावे सर्वांना ठाऊक आहेत. मुरूड तालुक्यातील ती बोर्ली मांडला आणि श्रीवर्धन तालुक्यातील ती बोर्ली पंचतन. यांपैकी दुसरे गाव समुद्राला थेट भिडलेले नाही. दिवेआगरचा किनारा तेथून पाचेक किलोमीटरवर आहे. पर्यटक बोर्लीत क्षणभर थांबतो, पाण्याची बाटली घेतो आणि पुढे दिवेआगरला निघून जातो. परंतु वडवली, दिवेआगर, वेळास, दिघी या परिसरातील माणसाला बाजारहाटासाठी यावे लागते ते बोर्लीच्या पेठेतच. लग्नाचा बस्ता असो वा पावसाळ्याआधीची बेगमी, पावले इकडेच वळतात. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. त्याही काळात घाटावरून आलेला व्यापारी अशाच गावांत दुकान मांडून बसला, आणि नारळ, सुपारी, भात व मीठमिरची यांच्या उलाढालीवर त्याच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या.

पुण्यातील एका धान्य व्यापाऱ्याचे आजोबा असेच या पेठेत आले होते. पुढे कुटुंब पुण्यास गेले. दुकान मात्र चुलत घराण्याकडे चालू राहिले. नातू आता ५१ वर्षांचा. चाळिशीनंतर त्याला सायकलीचा नाद लागला आणि गेली आठ वर्षे दर हिवाळ्यात तो आठ-दहा सोबत्यांसह पुण्याहून बोर्लीला सायकलने येतो. ‘आजोबा ज्या वाटेने पोट भरायला गेले, त्या वाटेने आपण पोट कमी करायला जातो,’ असे तो हसून सांगतो.

ही वाट दीडशे किलोमीटरहून थोडी अधिक आहे. पहाटे चार वाजता चांदणी चौक सोडला, की पिरंगुट, पौड असे करत उजाडता उजाडता मुळशीचा जलाशय दिसू लागतो. ताम्हिणीच्या दाट झाडीतून उतरताना हात ब्रेकवर आखडतात. विळे, निजामपूर मागे पडून माणगाव आले, की मुंबई-गोवा महामार्गाची वर्दळ लागते. ती ओलांडून म्हसळ्याची वाट धरली, की घोणसे घाटाची वळणे येतात. म्हसळ्यानंतर हवेत खारेपणा जाणवू लागतो, आणि नारळी-पोफळीच्या आगरांमधून रस्ता बोर्लीच्या पेठेत शिरतो. मंडळींपैकी बहुतेकांचा चौविहार असतो. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी पोहोचून पाणी घेण्याचा नेम कधी चुकत नाही. सायंकाळी पेठेत शिरताना दुकानातून काकांची हाक येते, “आलात का रे बाळांनो? आधी पाणी घ्या, मग बोला.”

दुसरा दिवस किनाऱ्यासाठी राखलेला असतो. दिवेआगरला सुरूच्या बनामागे चारेक किलोमीटर लांबीचा स्वच्छ किनारा आहे. गावात रूपनारायणाची देखणी प्राचीन मूर्ती आहे. येथे सापडलेला शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या लेखांमध्ये गणला जातो. याच गावातील एका पोफळीच्या बागेत १९९७ साली खोदकाम करताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेश मिळाला, आणि २०१२ साली तो चोरीसही गेला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील बागा आडव्या केल्या. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली झाडे काही तासांत गेली. नव्याने लावलेल्या पोफळींकडे पाहताना आगरवाले अजूनही त्या दिवसाची आठवण काढतात.

दिवेआगरहून भरडखोल, शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला काळे खडक आणि फेसाळते पाणी. रस्ता सपाट नाही. छोटे पण उभे चढ एकामागून एक येतात. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात अशाच एका चढावर तो व्यापारी अचानक मागे पडला. छातीच्या मध्यभागी कोणी तरी धान्याचे पोते ठेवावे तसे जड वाटू लागले. जबड्यापर्यंत आवळल्यासारखे झाले. तो उतरून एका दगडावर बसला. चार-पाच मिनिटांत सारे निवळले. सोबत्यांनी नेहमीचे निदान केले, “काल रात्रीपासून पोट रिकामे, सकाळी तळलेले खाल्ले, पित्त झाले असेल, शेठ. सोडा घ्या.” त्यालाही ते पटले. पुढच्या चढावर तेच झाले, तेव्हा मात्र त्याचा चेहरा घामाने डबडबला.

बोर्लीस परतल्यावर काकांनी त्याला सोड्याची बाटली दिली नाही. ते त्याला हाताला धरून पेठेतील डॉक्टरांकडे घेऊन गेले. कारण काकांच्या थोरल्या भावाने, म्हणजे या व्यापाऱ्याच्या वडिलांनी, ४८व्या वर्षी गादीवर बसल्या बसल्या असाच सोडा मागितला होता आणि तो येण्यापूर्वीच त्यांनी मान टाकली होती.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. त्यात काही वावगे दिसले नाही. व्यापारी उठून निघू लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “शेठ, बसा. ही पट्टी आत्ताची आहे, आणि आत्ता तुम्ही आरामात बसला आहात. तुमचे दुखणे चढावरचे आहे. चढावर काय होते ते या पट्टीला कसे कळणार? सायकल इथेच राहू द्या. गाडीने आजच पुण्याला जा आणि थेट रुग्णालयात दाखल व्हा.”

त्याने हुज्जत घातली. आपण महिन्याला हजार किलोमीटर सायकल चालवतो, विडी-तंबाखूला कधी शिवलो नाही, जन्मापासून शाकाहारी आहोत, हे सांगितले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि वडील?”

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांना टेकवून ठेवली गेली आणि तो मोटारीने पुण्याकडे निघाला.

बोर्लीच्या या डॉक्टरांच्या आग्रहाचे मर्म समजण्यासाठी नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. हृदयविकाराचा मोठा झटका येतो तेव्हा रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली असते, आणि प्रत्येक मिनिटाला स्नायूचा थोडा थोडा भाग कायमचा मरत असतो. निदानानंतर दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी करून वाहिनी उघडावी, आणि ते शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. बोर्लीपासून केवळ माणगाव गाठायचे तरी घाटवळणांचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. मोठ्या हृदयोपचारासाठी त्यापुढे पनवेल, नवी मुंबई किंवा पुणे. दिघीची फेरीबोट आगरदांड्याला नेते, पण ती तिच्या वेळेने सुटते. ज्या दूरपणामुळे हा किनारा इतका शांत राहिला, तोच दूरपणा आजारी माणसाच्या वाट्याला वेगळ्या रूपाने येतो. शहरात झालेली चूक कदाचित सावरता येते. येथे ती सावरायला वेळ कमी मिळतो. म्हणून या वाटेवरच्या स्वाराने हृदयाची तपासणी निघण्यापूर्वी, घराजवळ करून घ्यायची असते.

नियमित व्यायाम करणाऱ्यास हृदयविकार होत नाही, हा समज फार गोड आहे. व्यायामाने धोका कमी होतो, हे निःसंशय खरे. परंतु कमी होणे आणि नाहीसे होणे यांत अंतर आहे. अमेरिकेत लक्षावधी लोकांना धावण्याचे वेड लावणारा लेखक जिम फिक्स १९८४ साली धावत असतानाच मरण पावला. तो ५२ वर्षांचा होता. शवविच्छेदनात हृदयाच्या वाहिन्या चोंदलेल्या आढळल्या. त्याच्या वडिलांचे निधन ४३व्या वर्षी हृदयविकारानेच झाले होते. त्याने धूम्रपान सोडले, वजन उतरवले, रोज मैलोन्‌मैल धावला. परंतु चालत्या पट्ट्यावरची चाचणी करून घेण्याचे सुचवले गेले असता ती त्याने टाळली. आपल्याकडे सौरव गांगुलीला २ जानेवारी २०२१ रोजी, ४८व्या वर्षी, घरी व्यायाम करताना छातीत त्रास झाला. तो वेळेत रुग्णालयात पोहोचला. तीन वाहिन्यांत अडथळे निघाले, त्याच महिन्यात उपचार झाले आणि तो पुन्हा कामाला लागला. दोघेही मैदानावरचे, फरक पडला तो दुखण्याकडे पाहण्याच्या रीतीत आणि वेळेत.

भारतीय माणसाला तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो असे दिसले. इतर देशांत हेच वय जवळजवळ ५९ होते. व्यापारी घरांत आणखी काही गोष्टींची भर पडते. दिवसभराची बैठक, अवेळी जेवण, दुकानात आलेल्या प्रत्येकासोबत घेतलेला गोड चहा, फरसाण आणि उधारीची चिंता. सकाळचे दोन तास सायकलीवर गेले, म्हणून उरलेले बारा तास गादीवर बसणे माफ होत नाही. शाकाहार हितकर खराच. पण तूप, साखर, मैदा आणि तळण हेही शाकाहारीच असतात.

पुण्यातील रुग्णालयात त्या व्यापाऱ्याचे रक्त तपासले गेले. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास वाढणारे ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने दोनदा पाहिले. ते वाढलेले नव्हते. म्हणजे झटका आला नव्हता. पण प्रश्न सुटलेला नव्हता. एकोमध्ये हृदयाचे आकुंचन आणि झडपा ठीक दिसल्या. मग चालत्या पट्ट्यावरची चाचणी झाली. हीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवले जातात. पहिली पायरी ताशी २.७ किलोमीटरची, पण चढ मात्र शंभरात दहाचा. दुसरीत तो बारा होतो, तिसरीत चौदा. घाट चढणाऱ्याला ही भाषा लगेच समजते. पहिल्या दोन पायऱ्या त्याने गप्पा मारत पार केल्या. तिसऱ्या पायरीवर शेखाडीच्या रस्त्यावरचे तेच पोते पुन्हा छातीवर येऊन बसले आणि ईसीजीची रेघ खाली झुकली. पुढे अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मुख्य वाहिनी एके ठिकाणी फार अरुंद झालेली आढळली. तेथे एक स्टेंट बसवला गेला.

नंतर डॉक्टरांनी त्याला सांगितले, “सायकलीने तुम्हाला आजारी पाडले नाही. तुम्ही चढ चढत होता म्हणून हे दुखणे बोलले. गादीवर बसून राहिला असता तर कदाचित ते शेवटपर्यंत मुके राहिले असते.”

हे वाक्य सोबत्यांमध्ये फिरले आणि दहापैकी सात जण महिन्याभरात तपासणी करून आले. एकाला मधुमेह निघाला, दोघांचा रक्तदाब वाढलेला निघाला. तिघांनाही तोवर कसलाच त्रास जाणवला नव्हता.

चाळिशी ओलांडलेल्या स्वाराने तपासणीत काय पाहावे, याचा क्रम अवघड नाही. पहिली तपासणी घराण्याची. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांपूर्वी, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे. त्यानंतर रक्तदाब आणि कंबरेचा घेर. भारतीय पुरुषांत तो ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. रक्ताच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉलचे सर्व घटक पाहतात. चौविहार पाळणाऱ्यास सकाळच्या उपाशीपोटीच्या नमुन्यासाठी वेगळी तयारी करावी लागत नाही. लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा पुरते. ते प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते आणि आहाराने फारसे बदलत नाही. शाकाहारी मंडळींनी बी-१२ही पाहून घ्यावे, कारण त्याच्या कमतरतेने येणारा थकवा हृदयाच्या थकव्याशी गल्लत करतो.

ईसीजी काढताना आपण सायकल चालवतो हे आवर्जून सांगावे. सरावलेल्या स्वाराची विश्रांतीतील नाडी मिनिटाला पन्नासच्या आसपास असू शकते. ती अनेकदा सरावाची खूण असते. पण चक्कर किंवा भोवळ येत असेल तर तीच खूण आजाराची ठरू शकते. नाडी मध्येच अनियमित धडधडत असेल तर तेही लपवू नये. वर्षानुवर्षे दीर्घ पल्ल्याचा व्यायाम करणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचा एक प्रकार थोडा अधिक आढळतो.

चालत्या पट्ट्यावरची चाचणी चांगली निघाली, म्हणजे पुढील दहा वर्षांची हमी मिळाली असे मात्र नाही. ही चाचणी वाहिनी बरीच अरुंद झाली असेल तरच बोलते. पुष्कळदा मोठा झटका लहानशा साठ्याला तडा जाऊन त्यावर गुठळी धरल्याने येतो. म्हणून ज्याच्या घराण्यात विकार आहे, त्याला डॉक्टर सीटी स्कॅनने वाहिन्यांतील कॅल्शियम मोजण्याचा सल्ला देऊ शकतात. शून्य आकडा दिलासा देतो. शंभरावर गेला तर औषधांचा विचार गंभीरपणे होतो. प्रत्येकाने प्रत्येक तपासणी करावी असे नाही. कोणती लागते ते हृदयरोगतज्ज्ञाने ठरवावे.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाची आहे. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने अखंड घ्याव्या लागतात. पर्युषणात किंवा एखाद्या तपश्चर्येत त्या मनाने बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. त्या व्यापाऱ्याने त्या वर्षी अठ्ठाईचा संकल्प होता तरी आधी डॉक्टरांना विचारले आणि नंतर गुरुमहाराजांना. त्याने त्या वर्षी उपवास केले नाहीत. बियासणे केले, दोन्ही बैठकींत गोळ्या घेतल्या आणि चौविहार सांभाळला.

सोबत्यांनीही आता वाटेवरचे काही नियम ठरवले आहेत. पूर्वी चढणाऱ्या चढावर एकाएकी दम लागू लागला, छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा आला, विनाकारण घाम सुटला, तर तेथेच थांबायचे. सोडा घेऊन पुढे जायचे नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. प्रत्येकाच्या खिशात आपल्या औषधांची चिठ्ठी आणि घरचा दूरध्वनी क्रमांक असायचा. कोणी कोसळलाच तर छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची क्रिया सर्वांनी शिकून घेतली आहे. रुग्णवाहिका घाट चढून येईपर्यंत तीच माणसाला तारू शकते. आणि तापाच्या दुखण्यातून उठलेल्याने त्या आठवड्यात निघायचे नाही.

सायकल बोर्लीत चार महिने राहिली. दुकानाच्या मागच्या खोलीत तिच्यावर तांदळाच्या कोंड्याची धूळ बसली. तो ती न्यायला आला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी चालणे, मग घरातील स्थिर सायकल असा क्रम पूर्ण झाला होता. काकांनी साखळीला तेल दिले, चाकांत हवा भरून घेतली आणि म्हणाले, “आज फक्त दिवेआगरपर्यंत. मी मागून रिक्षाने येतो.”

पाच किलोमीटरच्या त्या रस्त्याला त्याने अर्धा तास लावला. बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा, हा नियम होता, आणि बोलायला कोणी नसल्याने तो मनात नवकार म्हणत होता. किनाऱ्यावर दोघे जण सुरूच्या सावलीत बसले. वादळानंतर लावलेल्या पोफळी डोक्याएवढ्या वाढल्याचे काकांनी दाखवले. वडिलांविषयी ते दोघे इतक्या वर्षांत प्रथमच मोकळेपणाने बोलले.

पुढच्या हिवाळ्यात मंडळी पुन्हा निघाली. पण एका दिवसाची वाट आता दोन दिवसांची झाली आहे. पहिला मुक्काम माणगावला असतो. दर वर्षी दिवाळीच्या हिशेबानंतर आणि निघण्यापूर्वी सर्वांचे अहवाल एका जागी ठेवून पाहिले जातात. ज्याचा अहवाल आलेला नसतो, तो त्या वर्षी मोटारीने येतो. गेल्या खेपेस असा एकच जण होता. तो वाटभर मागे बसून कुरकुरत राहिला आणि परतल्यावर आठ दिवसांत तपासणी करून आला.